पुढे दफ्तर, मागे बाजार

बडोद्यात राजमहाल रोडवरून जाताना खंडेराव मार्केटची घुमटांची, कमानींची इमारत डोळ्यांत भरते. नवख्याला तो राजवाडाच वाटतो. प्रत्यक्षात ती बाजाराची इमारत. सयाजीराव महाराजांच्या कारभाराला पंचवीस वर्षे झाली, त्या निमित्ताने १९०६ साली ती उभी राहिली आणि महाराजांचे दत्तक पिता खंडेराव यांचे नाव तिला मिळाले. आज पुढच्या देखण्या भागात महापालिकेचे कार्यालय आहे आणि मागच्या अंगाला फुलांचा, भाजीचा बाजार भरतो. पुढे सगळे कागदावर चालते. जन्म, मृत्यू, कर, परवाने यांच्या नोंदी होतात. मागे सगळे तोंडी. तिथे दिवसभरात जे बोलले जाते, ठरते आणि फिस्कटते, त्याची नोंद कुठेच होत नाही. शंभर वर्षांनी कुणी या जागेचा इतिहास लिहायला बसला आणि त्याने फक्त पुढचे दफ्तर वाचले, तर त्याच्या लिखाणात आकडे बरोबर असतील, पण बाजार नसेल.

ख्रिस्ती मिशनांचा आपल्याकडचा इतिहास बराचसा असाच, पुढच्या दफ्तरात बसून लिहिला गेला आहे. या विषयाचा अभ्यास पुन्हा नीट उभा राहायला हवा आणि त्यासाठी बडोद्यासारखे सोयीचे गाव दुसरे क्वचितच सापडेल, असे आम्हाला वाटते.

ज्या साली ही इमारत झाली, त्याच साली बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू झाले. आणि त्याच साली, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढले. शिंदे यांना विद्यार्थिदशेत बडोद्याची शिष्यवृत्ती होती. पुढे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून ते परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, पण आपल्या संस्थेला ‘मिशन’ हेच नाव दिले. शाळा, वसतिगृह, वस्तीत जाऊन राहणारा कार्यकर्ता, वार्षिक अहवाल आणि वर्गणी हा सगळा साचा त्यांना ओळखीचा होता आणि तो त्यांनी आपल्या कामासाठी वापरला. शिंद्यांचे हे काम मिशनांच्या इतिहासात धरायचे की नाही? बाप्तिस्म्यांची संख्या एवढीच मोजपट्टी असेल, तर नाही. एका समाजाने दुसऱ्याकडून काय घेतले, काय नाकारले आणि घेतलेल्याचे काय केले, हा प्रश्न असेल, तर शिंदे त्या इतिहासाच्या मध्यभागी येतात. मिशनांचा इतिहास आणि मिशनऱ्यांचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग तो मिशनऱ्यांचाच का होऊन बसला? कारण कागद त्यांनी लिहिले आणि जपले. १८१३च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले, तेव्हापासून अमेरिकन मराठी मिशनचा पत्रव्यवहार बोस्टनला जात राहिला. स्कॉटिश मिशनचा एडिंबरोला गेला, सुरतेतल्या लंडन मिशनरी सोसायटीचा लंडनला आणि १८४१पासून काठेवाडात काम करणाऱ्या आयरिश प्रेस्बिटेरियनांचा बेलफास्टला. त्या त्या गावी तो नीट जुळवून ठेवला गेला. पण तो कशासाठी लिहिला होता, हे विसरून चालत नाही. पत्रे आणि अहवाल मायदेशीच्या मंडळ्यांमध्ये वाचले जात, मासिकांत छापले जात आणि त्यांच्यावर वर्गणी गोळा होई. त्यामुळे बहुतेक अहवालांची चाल एकसारखी असते. गरज मोठी आहे, काम फळाला येत आहे आणि पैसा अपुरा पडतो आहे. लिहिणारा खोटे बोलतो असे नव्हे. पण कुणाला लिहितो आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते.

गंमत अशी की मिशनांची थोरवी गाणारे आणि त्यांच्यावर तुटून पडणारे, दोघेही याच अहवालांवर विसंबतात. एकाला त्यात त्याग दिसतो, दुसऱ्याला कारस्थान. ‘आम्ही या लोकांचे आयुष्य बदलून टाकले’ हा अहवालातला मूळ दावा मात्र दोघेही जसाच्या तसा मान्य करतात. ज्यांचे आयुष्य बदलले म्हणतात, त्यांना काय वाटले, हे विचारायचे दोघांकडूनही राहून जाते.

कागद कसा वाचावा, याचा एक धडा बडोद्यातच मिळतो. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५च्या मार्चमध्ये बडोद्यात आले. इथल्या छावणीतल्या चर्चचे त्यांनी प्रतिष्ठापन केले. फत्तेगंजातले ते चर्च आजही उभे आहे. दुसऱ्या सयाजीराव महाराजांची त्यांनी भेट घेतली. मार्च २०२५मध्ये या प्रवासाला २०० वर्षे झाली. हेबर यांचे नाव जगभर झाले ते १८१९मध्ये लिहिलेल्या एका मिशनगीतामुळे. हिंदुस्थान पाहण्याआधी, इंग्लंडात बसून लिहिलेल्या त्या गीतात पूर्वेकडच्या मूर्तिपूजक माणसांबद्दल जो तुच्छतेचा सूर आहे, तो पुढे १९२५मध्ये कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना गांधीजींनी जाहीरपणे नापसंत केला होता. हेच हेबर बडोद्याहून पुढे नडियादला गेले आणि तिथे सहजानंद स्वामींना भेटले. त्यांच्या प्रवासवृत्तात हा प्रसंग आहे. दोघांबरोबरही हत्यारबंद स्वार होते. दोन धर्मोपदेशकांनी अशा छोट्या फौजा घेऊन एकमेकांना भेटावे, हे हेबर यांना चमत्कारिक वाटले आणि त्यांनी ते लिहून ठेवले. स्वामींचे म्हणणे त्यांना सगळे पटले नाही, पण लोकांच्या वागणुकीवर स्वामींचा जो चांगला परिणाम झाला होता, तो त्यांनी नाकारला नाही.

एकाच माणसाचे हे दोन कागद. गीत मायदेशीच्या मंडळीसाठी, न पाहिलेल्या देशाविषयी. वृत्तांत त्या देशात हिंडताना, समोर दिसले त्याविषयी. केवळ गीत वाचणारा हेबर यांना एका ओळीत निकालात काढील आणि केवळ वृत्तांत वाचणारा त्यांना उदारमतवादी ठरवून मोकळा होईल. अभ्यासकाला दोन्ही समोर ठेवावे लागतात आणि माणूस प्रत्यक्ष आला तेव्हा त्याच्या मनातले चित्र कुठे हलले, कुठे हलले नाही, हे पाहावे लागते.

दुसरी अडचण अशी की मिशनच्या कागदात आपली माणसे असतात, पण ती कडेला असतात. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले आणि १८१०मध्ये त्याचा मराठी कोश. या कामामागे फोर्ट विल्यम कॉलेजातले वैजनाथ पंडित होते. केरीने त्यांचे साहाय्य स्वतः नोंदवले आहे. पुढच्या लिहिणाऱ्यांनी मात्र केरीचेच नाव चालवले. अहमदनगरच्या मिशन शाळांतल्या सिंथिया फॅरार बाईंचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या चरित्राशी ते जोडलेले आहे. त्याच शाळांत बाईंच्या हाताखाली शिकवणाऱ्या आणि त्यांच्यासमोर पाटी घेऊन बसणाऱ्या कितीजणी होत्या, हे अहवालात आकड्यांत आहे, नावांत क्वचितच.

तरीही मिशनच्या कागदाचा एक गुण मान्य करायला हवा. लिहिणाऱ्याच्या हेतूपेक्षा त्यात पुष्कळदा जास्त साठलेले असते. अहमदनगरला १८४२मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे उघडपणे मिशनचे पत्र. पण १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये याच पत्रात मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. मुक्ता ही फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची. वेद वाचायचाही ज्यांना अधिकार नाही, त्यांचा धर्म कोणता, असा तिचा सवाल. पत्राच्या चालकांना हा निबंध हिंदुधर्मावरच्या टीकेसाठी उपयोगी वाटला असेल, हे उघड आहे. पण मुक्ता त्यांच्यासाठी लिहीत नव्हती. आज ‘ज्ञानोदय’ची जुनी पाने चाळणाऱ्याला त्या पत्राची भूमिका आणि त्या मुलीचा आवाज वेगळे करता आले पाहिजेत. हेतू संशयास्पद म्हणून अंकच बाजूला टाकला, तर मुक्ताही हातची जाते.

धर्मांतराच्या बाबतीत तर एका कागदावर भागतच नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या नोंदवहीत या घटनेला एक ओळ पुरते. त्या ओळीने एका घरात काय उलथापालथ केली, हे मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तून कळते. नवराबायको वेगळी राहिली, नातलगांनी आपापल्या परीने सावरले आणि दुखावलेही. शिवाशिवीचे संस्कार लक्ष्मीबाईंच्या अंगातून हळूहळू गेले आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या धर्मांतराची तारीख आणि बायकोच्या धर्मांतराची तारीख यांत पाच वर्षांचे अंतर आहे. खरा इतिहास त्या अंतरात आहे. पुढे टिळकांनी मिशनची चाकरी सोडून स्वतंत्र ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ती होणे आणि मिशनच्या आज्ञेत राहणे या दोन गोष्टी त्यांनी स्वतःच वेगळ्या करून दाखवल्या.

त्याआधी, १८४३मध्ये मुंबईत शेषाद्री बंधूंचे प्रकरण गाजले. थोरल्या नारायणाने बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्याला कोर्टाने बापाच्या हवाली केले. मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर ब्राह्मणवर्गातच भांडण पेटले. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावे या बाजूचे. जुन्या मंडळींचा विरोध. या एका प्रकरणात मिशनची पत्रे आहेत, कोर्टाचे कागद आहेत आणि मराठी वर्तमानपत्रांतला वाद आहे. तिन्ही शेजारी ठेवले की कळते की भांडण केवळ पाद्री आणि हिंदू यांच्यातले नव्हते. जात म्हणजे काय, ती जाते कशी आणि परत मिळते का, हा हिंदू समाजाचा स्वतःचा प्रश्न मिशनच्या निमित्ताने चव्हाट्यावर आला होता. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी केलेले वादविवाद तर दोन्ही बाजूंनी रंगलेले. आपल्याकडचे लोक केवळ ऐकून घेत नव्हते, उत्तर देत होते.

बडोद्याचे वेगळेपण इथे येते. ब्रिटिश मुलखात मिशनरी आणि रयत यांच्या वर एकच सरकार होते आणि त्याचाही मिशनऱ्यांशी भाषेचा, धर्माचा धागा होता. बडोद्यात तिसरा पक्ष होता, गायकवाड सरकार. राजा मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती, रेसिडेंट इंग्रज आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोम धरलेले मेथॉडिस्ट मिशन अमेरिकन. सयाजीरावांनी अस्पृश्यांसाठी १८८३पासूनच सरकारी शाळा काढल्या होत्या. म्हणजे गावातल्या वणकर या अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या मुलापुढे शिकण्याचे दोन रस्ते होते, निदान कागदावर तरी. सरकारी शाळेत सवर्ण शिक्षक मिळायला मारामार. मिशनच्या शाळेत शिक्षक मिळे, पण प्रार्थनाही असे. कोणते कुटुंब कुठे गेले आणि का, हे विचारले की मिशनच्या इतिहासाबरोबर संस्थानच्या सुधारणांचीही परीक्षा होते.

‘पोटासाठी बाटले’ हा आरोप याच कसाला लावून पाहावा. संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९००चा ‘छप्पनियो’ दुष्काळ गुजरातच्या स्मरणात अजून आहे. त्या काळात चरोतर आणि बडोदे भागात ख्रिस्ती झालेल्यांची संख्या एकदम वाढली. अनाथ मुले मिशनांनी सांभाळली. पंडिता रमाबाईंनीही गुजरातेतून दुष्काळातल्या मुली पुण्याजवळ केडगावला आपल्या ‘मुक्ती’त आणल्या. यावर शेरा मारणे सोपे आहे. त्यापेक्षा काही साधे प्रश्न विचारावेत. दुष्काळाच्या आधी त्या गावात किती बाप्तिस्मे झाले होते? दुष्काळ सरल्यावर किती घरे परत फिरली, किती राहिली? राहिलेली का राहिली? सरकारी दुष्काळी कामांवर याच जातींच्या लोकांना काम आणि पाणी सारखे मिळत होते का? पहिल्या दोन प्रश्नांना चर्चच्या नोंदवह्या लागतात, चौथ्याला संस्थानचे दफ्तर. तिसऱ्याचे उत्तर, असलेच तर, त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे. उत्तर प्रत्येक गावात वेगळे निघेल आणि तसे निघू द्यावे.

हे सगळे कुठे पाहायचे? मिशनांची मुख्य दफ्तरे परदेशात आहेत. अमेरिकन बोर्डाची हार्वर्डच्या ग्रंथालयात, लंडन मिशनची लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य अभ्यास संस्थेत, अमेरिकन मेथॉडिस्टांची न्यू जर्सीत. त्यांतले काही आता संगणकावर घरबसल्या वाचता येते. मात्र संस्थानचे दफ्तर बडोद्यातच आहे. त्याचा मोठा जुना भाग मोडीत आहे, नंतरचा गुजरातीत, रेसिडेन्सीशी झालेला व्यवहार इंग्रजीत. चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्या त्या त्या चर्चच्या कपाटांत आहेत आणि वाळवी, ओल यांच्याशी त्यांची रोजची गाठ आहे. म्हणजे या विषयाच्या अभ्यासकाला इंग्रजी, गुजराती आणि मोडी मराठी अशी तिहेरी तयारी हवी. अशी तयारी ज्यांच्या घरात उपजत होती, ती बडोद्याची मराठी माणसे. मोडी वाचणारी पिढी आता संपत आली आहे आणि तिच्याबरोबर ही सोयही संपेल.

बडोद्याला अशा अभ्यासाची परंपरा नाही, असे मुळीच नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई सयाजीरावांच्या चाकरीत राहूनच मराठ्यांच्या इतिहासाचे काम करू लागले आणि शत्रूचे, मित्राचे, परक्याचे कागद एकमेकांशी ताडून पाहण्याची शिस्त त्यांनी मराठी वाचकाला लावली. सयाजीरावांनी बडोदा कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी अल्बन विजरी यांना प्राध्यापक म्हणून आणले आणि १९३३मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ते स्वतः बोलले. परक्या धर्माकडे भीतीने किंवा भक्तीने न बघता अभ्यासाने बघावे, हे धोरण या शहरात एकेकाळी राजाचे होते.

आज वातावरण वेगळे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. गुजरातेत धर्मांतराविषयीचा कायदा २००३मध्ये झाला आणि २०२१मध्ये तो अधिक कडक झाला. जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्या मागायला कुणी अनोळखी माणूस आला, तर चर्चच्या मंडळींनी दार अर्धेच उघडावे, हे समजण्यासारखे आहे. उलट बाजूला, या विषयावर शांतपणे लिहिणाऱ्याला कुणी विचारते की तुम्ही कुणाच्या बाजूचे. १९५४मध्ये मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने मिशनांच्या कामाची चौकशी केली. तिचा १९५६चा अहवाल आणि त्याला ख्रिस्ती बाजूने दिलेली उत्तरे आजही या वादात काढली जातात. पण समितीला सरकारने काय करावे ते सांगायचे होते. इतिहासाला काय घडले आणि कसे घडले, एवढेच सांगायचे असते. चौकशीची भाषा अभ्यासात शिरली की साक्षीदार गप्प होतात. ज्या समितीच्या अहवालाने मिशनांवर कडक ताशेरे ओढले, तिचे अध्यक्ष भवानीशंकर नियोगी यांनी अहवालाच्याच वर्षी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मदीक्षेच्या सोहळ्यात बौद्ध धर्म स्वीकारला. माणसे आणि त्यांच्या निष्ठा आपल्या खणांत नीट बसत नाहीत, एवढी जाणीव तरी या तपशिलाने व्हावी.

म्हणून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चर्चच्या जुन्या वह्यांची छायाचित्रे काढून त्या सुरक्षित ठेवाव्यात, पण त्यांची मालकी आणि त्या कुणाला दाखवायच्या हा निर्णय त्या त्या मंडळीकडेच असावा. जिवंत माणसांचे आणि नजीकच्या पिढ्यांचे तपशील उघडे करू नयेत. विद्यापीठांनी मोडी आणि गुजराती शिकवणारे छोटे वर्ग चालवावेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मूळ कागद वाचताच येत नसेल, तर तो दुसऱ्याच्या निष्कर्षावरच जगणार. संस्थानच्या दफ्तरातल्या मिशनविषयक कागदांची एक साधी सूची व्हावी. आणि सगळ्यांत आधी, वणकर आणि वाल्मीकी वस्त्यांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांतली मुले या अभ्यासात यावीत, माहिती देणारे म्हणून नव्हे, लिहिणारे म्हणून. आपल्या आजीच्या बोलण्यातला कुठला शब्द मंडळीतला आणि कुठला वस्तीतला, हे त्यांना ऐकताक्षणी कळेल.

त्यांच्यापुढचे काम बाहेरून लहान दिसेल. बाप्तिस्म्याच्या वहीत एक नवे नाव असते, पौल किंवा मार्था. दुष्काळी कामाच्या हजेरीत त्याच वयाचे, त्याच गावचे एक जुने नाव असते. घरातल्या जाड बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्ममृत्यूच्या तारखा लिहिलेल्या असतात आणि पुष्कळदा तिथे दोन्ही नावे शेजारी शेजारी असतात. मिशनला नवे नाव हवे होते, सरकारला जुने. ही दोन्ही नावे एकाच माणसाची होती आणि तो दोन्हींना ओ देत होता, हे पुराव्यानिशी दाखवता आले, की मिशनांचा इतिहास पुढच्या दफ्तरातून उठून मागच्या बाजारात पोचला असे म्हणता येईल.